बीपीच्या वहीत ढोल

९ जानेवारी
वरचं १३२, खालचं ८०.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज सकाळी बीपी मोजायचं, या वहीत लिहायचं, आणि त्या दिवशी काही विशेष घडलं असेल तर तेही शेजारी लिहायचं. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं रांधून मी डिसेंबरात निवृत्त झाले. आता माझ्या आयुष्यात विशेष ते काय घडणार? आज तीन राजांच्या सणाचं उरलेलं मटण संपवलं. हे विशेष असेल तर असो.

१४ जानेवारी
१३०, ८०.
मायामीहून औरीचा फोन. जगासाठी ती औरीमार, पोस्टरवर एवढाले डोळे काढलेली. माझ्यासाठी ती थोरल्या बहिणीची, एल्बाची, मुलगी. एल्बाला जाऊन नऊ वर्षं झाली.
"मावशी, पुढचा अल्बम मी घरी येऊन करणार. आपल्या सान्तुर्सेत. पॉपच, पण पोटात आपला ढोल."
"मागच्यात काय कमी होतं?"
"तूच सांग."
मला मनात एक आणि ओठांवर एक जमत नाही. म्हटलं, "मागच्यात सगळं होतं गं. फक्त तू नव्हतीस."
ती हसली. म्हणाली, म्हणून तर येतेय. पंधरा मार्चपर्यंत गाणी हातात पडली नाहीत, किंवा आवडली नाहीत, तर गाण्यांची कंपनी तिची जुनी, बाजूला टाकलेली गाणी गोळा करून त्यांचाच अल्बम काढणार आणि तिला मोकळं करणार. एकतीस वर्षांच्या मुलीला मोकळं करणं म्हणजे काय ते मला समजतं.
"ढोल कोण वाजवणार?" मी विचारलं.
"ठेका धरायला दोन मुलं आहेत. आणि बोलणारा ढोल ताकियो मास्तर."
मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. शेगडीवर दूध नव्हतं.

१५ जानेवारी
१४६, ९०.
काल खारट काही खाल्लं नव्हतं. यंत्र बिघडलं असावं.

३ फेब्रुवारी
१३४, ८२.
औरी आली. चार बॅगा, दोन गिटारी आणि जाद्रिएल नावाचा एक पोरगा. गाणी बांधणं, आवाज पकडणं, सगळं तोच बघतो. कानांवरचं यंत्र गळ्यात अडकवलेलं, जेवतानाही काढत नाही. तुरीच्या दाण्यांचा भात तीनदा घेतला, तेव्हा माणूस वाईट नसावा.
जेवण झाल्यावर औरीने मुख्य गाणं म्हणून दाखवलं. दोरीवर वाळणाऱ्या एका पांढऱ्या परकराचं गाणं आहे. वारा येतो, परकर फुगतो, आणि आत कुणीच नसताना नाचतो. एवढंच. मी उठून भांडी घासायला गेले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. मला आवडलं हे तिला एवढ्यात कळून उपयोग नाही.
"परकर कुठे पाहिलास?" मी नळ चालू ठेवून विचारलं.
"आईच्या ट्रंकेत. कागदात गुंडाळलेला."
एल्बाला मी तो जाळायला सांगितला होता. बहिणी अशा असतात.

११ फेब्रुवारी
१५०, ९२.
औरीने डबा घेऊन स्टुडिओत बोलावलं. ताकियो काचेच्या खोलीत बसला होता. केस पांढरे झालेत, पोट नाही. डबा उघडताना म्हणाला, "कशी आहेस, मोन्से?" मी म्हटलं, "तुमच्या कृपेने बरी आहे. चमचे पिशवीत आहेत."
त्याच्या कानांत जाद्रिएलने घड्याळासारखी टिक-टिक सोडली होती आणि तिच्याबरोबर वाजवायला सांगितलं होतं. वाजवत होता, पण ढोल मेलेला. चुकत नव्हता, हेच वाईट. जाद्रिएलने अठरा वेळा वाजवून घेतलं आणि अठराही वेळा "छान, मास्तर" म्हणाला. घरी येताना औरी गाडीत नखं खात होती.
मला मात्र बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे ढोलकऱ्याचंच अंगण वाकडं निघालं. वर आणि हा माणूस एकटा का, तर त्याने लग्नच केलं नाही. अशाशी करणार तरी कोण? मी केलं नाही ते नोकरीमुळे.

१२ फेब्रुवारी
१३८, ८४.
डॉक्टरीणबाईंनी फोनवर आकडे ऐकले आणि विचारलं, काल एवढं का वाढलं? म्हटलं, खारवलेला मासा. त्या म्हणाल्या, काही मनाला लागलं असेल तर तेही लिहीत जा.
मनाला लागलेलं जुनं आहे, पण लिहिते. आमच्या बोम्बा नाचात नाचणारी पुढे आणि ढोल मागे. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. तिने खांदा उडवला की ढोलाने बोलायचं, परकराचा घोळ फिरवला की बोलायचं. ती विचारणार, तो उत्तर देणार, आणि ती मुद्दाम त्याला अडचणीत आणणार. मजा त्यातच आहे.
१९८२, सान मातेओचा उत्सव, चर्चसमोरचा चौक. मी एकवीस वर्षांची. ताकियोशी माझं अर्धा तास जुंपलं आणि त्याने एकही उत्तर चुकवलं नाही. मग मी माझी शेवटची चाल काढली, स्वतःची, कुणालाही न शिकवलेली. डाव्या हाताने परकराचा काठ हळूहळू खांद्यापर्यंत उचलायचा, सगळा चौक श्वास धरेपर्यंत तिथेच थांबायचं, आणि एकदम सोडून द्यायचा. काठ खाली पडला. ढोल गप्प. ताकियो हात वर तसाच ठेवून, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत बसला होता. आधी एक जण हसला, मग सगळा चौक हसला.
ढोलाने उत्तर न देणं म्हणजे चारचौघांत 'तू कोण?' म्हणणं. मी ढोलाला निरोपाचा नमस्कारही न करता बाहेर पडले आणि पुन्हा कधी नाचले नाही. तो नंतर तीन वेळा घरी आला. तीनही वेळा मी एल्बाला दार उघडू दिलं नाही. माफी मागून झालेला अपमान पुसला जातो होय?

२० फेब्रुवारी
१४१, ८६.
जाद्रिएलला कुणीतरी सांगितलं की ढोलासमोर नाचणारी लागते. म्हणून गाण्यांच्या व्हिडिओत नाचणारी एक मुलगी आणली. गोड आहे बिचारी, पण एक ते आठ आकडे मोजत नाचते. पावलांचा आवाज माइकमध्ये नको म्हणून तिला दुसऱ्या खोलीत उभं केलं आणि ताकियोसमोर टीव्ही ठेवला. टीव्हीवरचं चित्र जरा उशिरा पोहोचतं म्हणे. म्हणजे ती नाचून मोकळी आणि हा मग उत्तर देणार, बाजार उठल्यावर आलेल्या गिऱ्हाइकासारखा.
मग तिला आत आणलं. आता गंमत बघा. ती ढोलाची वाट बघत उभी, कारण तिला शिकवलंय की ताल पडला की नाचायचं. ताकियो तिची वाट बघत बसलेला, कारण आमच्यात ढोल आधी तोंड उघडत नाही. दोघंही दीड मिनिट एकमेकांकडे बघत हसत राहिले. मी हसून हसून पोट धरलं. औरी हसली नाही.
"मावशी, हे जमलं नाही तर जाद्रिएल मशीनमधला ढोल टाकणार आहे," ती म्हणाली.
"टाकू दे. कुणाला कळतंय?"
"तुला कळेल."
पोर आईवर गेली आहे. एल्बाही असंच एका वाक्यात कोपऱ्यात पकडायची.

२ मार्च
१३९, ८५.
औरी म्हणाली, स्टुडिओत वीज सारखी जाते, म्हणून ढोलाचं काम आता माझ्या घरी, पुढच्या पडवीत करायचं. जशी आमच्या गल्लीत वीज जातच नाही! परवाच फ्रीजमधला मासा फेकला. पण तिला सांगून पाहिलं तर म्हणाली, पडवीतला आवाज चांगला आहे. तिथे एल्बाची जुनी गाडी उभी होती, ती चौघांनी ढकलून रस्त्यावर काढली. फरशी घासून घेतली. अनवाणी चालता येईल इतकी स्वच्छ कर म्हणाली. ढोल वाजवायला अनवाणी कशाला चालायचंय?
शिवाय परकर धुऊन इस्त्री करून ठेवायला सांगितलाय, अल्बमच्या फोटोसाठी. लेस दोन ठिकाणी उसवली होती, ती मी शिवली. कंबर ढिली करायला सांगितली. औरीची कंबर माझ्या मनगटाएवढी, पण आपल्याला काय, केली ढिली.

८ मार्च
१५२, ९२.
तीन दिवस रोज ढोल. आठवडा उरला आहे. ताकियो सकाळी दहाला येतो, टोपी काढून ठेवतो, कॉफी मागतो. मी "घ्या" म्हणते, तो "देव भलं करो" म्हणतो. बाकी आमचं बोलणं नाही.
एक मात्र पाहिलं. मी स्वयंपाकघरात असले की ढोल मेंगळट. मी खायचं घेऊन बाहेर आले की जरा बरा. आज खेकड्याचं सारण भरलेल्या अलकापुरिया नेल्या तेव्हा तर असा वाजवला की जाद्रिएलच्या हातातली वायर सुटली. खाण्याचा वास आला की म्हाताऱ्या माणसांना हुरूप येतो. उद्या जास्त करीन. औरीसाठी करायचंच.

११ मार्च
बीपी मोजलं नाही. वेळ नव्हता.
घडलं ते नीट लिहिते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.
दुपारी तीनला मी हिरव्या केळ्यांच्या तळलेल्या चकत्या घेऊन पडवीत आले. ठेका धरणारी दोन मुलं वाजवत होती. मी ताट घेऊन चालले आणि माझ्या कानावर आलं की बोलणारा ढोल माझ्या पावलांवर बोलतोय. उजवा पाय टाकला, धम्. डावा टाकला, तक. मी थांबले. ढोल थांबला. ताट दुसऱ्या हातात घेतलं, तर त्याचीही एक टिचकी पडली.
म्हणजे एवढे दिवस खाण्याचा वास नव्हता! हा माणूस माझ्या चालण्यावर वाजवत होता! डोक्यात तिडीक गेली.
"ताकियो, टिंगल करतोस माझी?"
"मी कुठे? मी तर गप्प बसलोय."
"मग हे कोण करतंय?"
"ढोल. त्याला कुणीतरी विचारलं की तो बोलतो. मोन्से, तुला माहितीये."
"चौसष्ट वर्षांची बाई घरात चालली, तर तिच्या चालीला नावं ठेवायची? आता हे बघ!" आणि मी पाय आपटला. धम्. "आणि हे!" धम्-तक. "आणि हे बघ, हे!" मी खांदा उडवला. तो मी उडवला नाही, त्याचा तोच उडाला. ढोलाने तोही टिपला.
मागून कुणीतरी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. औरी होती. तिच्या दुसऱ्या हातावर इस्त्रीचा परकर होता. मी "फोटोसाठी ना?" म्हणेपर्यंत तिने तो माझ्या डोक्यावरून खाली ओढला. कंबर बरोब्बर बसली.
"मावशी," ती माझ्या कानात म्हणाली, "तू त्यांना 'तू' म्हणालीस."
आता मागे फिरणं म्हणजे हरणं. मी चपला काढल्या आणि ढोलासमोर जाऊन वाकून नमस्कार केला. नमस्कार ढोलाला होता, त्याला नव्हे. मुलांनी ठेका संथ केला, म्हाताऱ्या पायांना सोसेल असा. आणि मी विचारायला सुरुवात केली.
डॉक्टरीणबाई, मला वाटलं होतं पाय विसरले असतील. ते काही विसरले नव्हते, नुसते रुसले होते. डावीकडे घोळ, त्याने उत्तर दिलं. उजवीकडे दोन घोळ आणि मध्ये एक खोटी सुरुवात, त्याला पाडायला. तो पडला नाही. मी मोठ्याने हसले, ते रेकॉर्डिंगमध्ये आलं असणार. औरी भिंतीला टेकून गायला लागली, तिच्या त्या पोस्टरवाल्या आवाजात नाही, घरच्या आवाजात, आणि मुलं कोरस धरायला लागली. समोरच्या गॅलरीतली बाई केस विंचरायचा कंगवा हातात घेऊन ओरडली, "मोन्से, तू अजून जिवंत आहेस होय!" मी म्हटलं, "आजच झाले!" जाद्रिएल खिडकीत उभा होता. त्याने गळ्यातलं यंत्र काढून ठेवलं होतं.
परकराची सळसळ माइकमध्ये येते म्हणून मी मधे थांबणार होते, तर तो दोन्ही हातांनी नको नको करत होता. सळसळ हवी म्हणे.
ती शेवटची चाल मात्र मी केली नाही. एकदा विचारून उत्तर मिळालं नाही, पुन्हा कशाला विचारा? हात काठाकडे गेला होता, तो मी खाली घेतला. गाणं संपलं, ठेका थांबला, सगळे स्तब्ध उभे. आणि त्या शांततेत, बऱ्याच वेळाने, ताकियोकडून ढोलावर एक जादा थाप पडली.
"शेवटची कापू का?" जाद्रिएलने विचारलं.
"हात लावून तर बघ," औरी म्हणाली.
वय झालं की हात घसरतोच. मी त्याला काही बोलले नाही. उलट कॉफी दिली, आणि तो पिऊन झाल्यावर "अजून घे" म्हटलं. तो घोटघोट करत संध्याकाळपर्यंत बसला.

१२ मार्च
१२४, ७८.
यंत्र नक्कीच बिघडलंय. गुडघे सुजलेत आणि बीपी पोरीबाळींसारखं.

१५ मार्च
१२८, ७८.
गाणी गेली. औरीने बटण दाबलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, लहानपणी झोपायची तशी. जाद्रिएलने भात चारदा घेतला.

२ एप्रिल
१२६, ८०.
कंपनीचं उत्तर आलं. एकदाच ऐकलं, बदल काही नको म्हणाले. औरी दारातून किंचाळत आली, मी आधी घाबरले, मग मीही किंचाळले. एल्बाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि तिला सांगितलं, तुझी पोर सापडली गं.
ताकियो हल्ली येत नाही. काम संपलं, कशाला येईल? दहा वाजता कॉफी मात्र रोज दोन कप होते. सवय.

६ जून
आज अल्बम आला. सकाळपासून गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून औरी. ब्रेडच्या दुकानात, बसमध्ये, कंगवेवालीच्या गॅलरीत. रेडिओवरचा माणूस म्हणाला, परकराच्या गाण्यात नाचणारीचं हसू ऐकू येतं, ती कोण हे कळायला हवं. मी एकटीच स्वयंपाकघरात "मी, मी" म्हणून ओरडले. मग तो म्हणाला, शेवटी गाणं संपल्यावर एक थाप चुकून राहून गेली आहे, पण गोड वाटते.
अकराच्या सुमारास मी फोन फ्रीजवर ठेवला आणि ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. केळी सोलत होते. सळसळ आली, माझं हसू आलं, औरीचा घरचा आवाज आला. गाणं संपलं. ठेका थांबला. तेव्हा आवरलेला माझा डावा हात आता रिकामा होता, बघायला कुणी नव्हतं, आणि तो आपोआप एप्रनच्या काठाकडे गेला. उचलला. हळूहळू, खांद्यापर्यंत. धरला. सोडला.
काठ पडला आणि थाप पडली. बरोब्बर त्याच क्षणी.
मी गाणं पुन्हा लावलं. पुन्हा काठ, पुन्हा थाप. सात वेळा लावलं. मी किती वेळ काठ धरून ठेवते ते ताकियोला ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षं त्याने ते मोजून ठेवलं होतं. हात घसरला नव्हता आणि तेव्हा चौकात 'तू कोण?' असंही तो म्हणाला नव्हता. तो वाजवायचं विसरला होता. माझ्याकडे बघता बघता. तीन वेळा हेच सांगायला आला होता, आणि मी खाटेवर तोंड फुगवून बसले होते. काय म्हणावं माझ्यासारख्या मूर्ख बाईला!
केळी तशीच टाकली. परकर घातला, दिवसाढवळ्या, भर रस्त्यात. कंगवेवाली वरून ओरडली, "कुठे निघालीस गं?" मी म्हटलं, "नमस्कार राहिलाय एक." तीन गल्ल्या चालत गेले. त्याच्या दारावर एकदाच हात मारला.
आतून दारावर तस्साच एक हात पडला, आणि मग दार उघडलं.
बीपी आज मोजलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजून घ्यावं.